रांगेतला चौथा

पेणमध्ये ज्या आळीत शिराल तिथे गणपतीचा कारखाना. कुठे शाडूचा, कुठे पीओपीचा, कुठे नुसताच रंगकामाचा. त्या सगळ्या गर्दीत जगन एकटाच असा, जो गणपती करत नाही. तो माणसं करतो. मंडळं गणपतीपुढे देखावा उभा करतात ना, त्यातली पुरुषभर उंचीची माणसं. सैनिक, डॉक्टर, दारुडा नवरा, त्याची रडणारी बायको, हवालदार. "देव काय, साच्यात ओतला की झाला," असं तो भर नाक्यावर, चार मूर्तिकार चहा पीत उभे असताना म्हणायचा. "मानूस करून दाखवा. मानूस करायला छाती लागते."

छाती त्याच्याकडे होती, आणि ती तो जरा जास्तच पुढे काढून चालायचा.

त्याच्या कामाची रीत ठरलेली. धडं वर्षानुवर्षं तीच. बांबूचा सांगाडा, त्यावर पेंढा, पेंढ्यावर पोतं, पोत्यावर प्लॅस्टर. गेल्या वर्षीचा मावळा यंदा डॉक्टर व्हायचा, पुढच्या वर्षी हवालदार. बदलायची ती फक्त मुंडकी. कारखान्याच्या भिंतीला फळ्या ठोकलेल्या आणि फळ्यांवर ओळीनं मुंडकी ठेवलेली. नवा माणूस दारातून आत आला की दचकून मागे सरायचा. कपडे शिवायचं काम त्याच्या बायकोचं, नूतनचं. तिचं शिलाईमशीन त्या फळ्यांच्या खालीच. "माझ्या डोक्यावर कायम येवढी लोकं बसलेली," ती म्हणायची, "आनि पानी आनायला एकबी कामाचा नाय."

पावसाळ्यात अष्टमीहून निकेश आला. रोह्याचा पूल ओलांडला की अष्टमी, तिथल्या मंडळाचा हा तरणा अध्यक्ष. धाटावला कंपनीत सुपरवायझर.

"जगनकाका, यंदा आपल्याला सामाजिक पायजे. एकदम जळजळीत. जुलूम, हुकूमशाही, असलं कायतरी!"

"कोनाची?"

"तिकडची हो. बाहेरच्या देशातली. हितली काढून पोलीस ठाण्यात हेलपाटे कोन मारनार?"

तिकडची म्हणजे त्या टोपीवाल्याची. देशाचं नाव निकेशला नीट घेता येत नव्हतं, जगनलाही नाही. पण टोपीवाला दोघांना पक्का ठाऊक होता. सोनेरी काठाची उंच टोपी, छातीभर बिल्ले, पांढरा घोडा. बातम्या लावल्या की तोच. निकेशने मोबाइलवर क्लिपा पाठवल्या आणि जगन-नूतन जेवताना त्या बघत बसले. 'कोण आहे हा रहस्यमय हुकूमशहा?' 'टोपीवाल्याच्या घोड्याची किंमत ऐकून थक्क व्हाल!' 'एक इशारा, आणि समोरच्याचा खेळ खल्लास!' मागे ढोल वाजतायत, निवेदक हात नाचवतोय. शिव्याच देत होता तो टोपीवाल्याला, पण सूर असा, की घरातल्या नवरदेवाचं कौतुक चाललंय असं वाटावं. आणि मध्येच एका क्लिपेत, डोळा मिटून उघडेपर्यंत, गाडीतून उतरवून फाटकाकडे नेलेली कैद्यांची रांग. हात मागे बांधलेले, डोक्यावर काळे बुरखे. ती दिसते न दिसते तोच परत घोडा.

जगनने टोपीवाल्यावर जीव ओतला. त्याच्यासाठी नवं मुंडकं, नवा साचा. बिल्ले किती, कुठला कुठे, कुठल्याला लाल फीत, हे क्लिपा थांबवून थांबवून पाहिलं. सोड्याच्या बाटल्यांची बुचं ठोकून चपटी केली, सोनेरी रंगवली. हसू साधेना म्हणून ओठ तीनदा खरवडले. एका मोडीतल्या गाडीच्या वायपरची मोटर आणून हाताला जोडली. बटण दाबलं की टोपीवाला देखाव्यातल्या गच्चीवरून लोकांना हात हलवायचा. पहिल्यांदा हात हलला तेव्हा नूतन मशीन थांबवून उठली. "अगो बाय!" म्हणाली. जगनला वाटलं, जन्म कारणी लागला.

"आनि कैदी?" तिने विचारलं.

"त्यांचं काय? तोंडावर बुरखं हायत. मुंडकी करायचीच नायत. काम वाचलं." त्याने सात जुनी धडं काढली, मानेच्या बांबूवर एकेक मडकं पालथं घातलं. "तू नुसती काळी पिशवी शिव. कोन उघडून बघतंय?"

नूतनने मोडक्या छत्र्यांचं कापड काढून सात पिशव्या शिवल्या. शिवताना एवढंच म्हणाली, "श्वास घ्यायला भोक ठेवू का?"

जगन खो खो हसला.

गणपतीत अष्टमीला झुंबड उडाली. रोह्यातून माणसं पूल ओलांडून यायला लागली. प्रत्येकाला टोपीवाल्याशेजारी फोटो पाहिजे. बाप्ये पोट आत घेऊन सलाम ठोकतायत, पोरं त्याच्यासारखा हात हलवतायत, कोणाची सून म्हणते, "दिसायला बाकी छान हाय हां मेला." मंडळाने खास फोटोसाठी टोपीवाल्याच्या बाजूला पायऱ्या केल्या. देखाव्याचा विषय जुलूम आहे, हे वर कापडावर लिहिलेलं होतं. ते वाचायला मान वर करावी लागायची.

कैदी खाली, कडेला. धाटावची शिफ्ट सुटली की पोरं मोटारसायकली लावून थेट रांगेत घुसायची. हातात हेल्मेट घेऊन फोटो बरा येत नाही. मग हेल्मेट कुठे ठेवायचं? कोणीतरी एका कैद्याच्या डोक्यावर ठेवलं. ते बघून दुसऱ्याने ठेवलं. दोन दिवसांत रीतच पडली. काळ्या बुरख्यांवर लाल, निळी, पिवळी हेल्मेटं, खांद्याला डब्याच्या पिशव्या. मोटर बघायला जगन रोज पेणहून गाडीने यायचा, त्याने हे पाहिलं. पाहिलं, आणि हसला. "चला, उपयोगाला तरी आलं," असं निकेशला म्हणाला.

इथल्या केबलचं चॅनेल आलं. मुलीने माईक पुढे धरला. "हे हुबेहूब हसू तुम्हाला कसं साधलं?" जगनने सांगितलं. "बिल्ले कसे केलेत?" तेही सांगितलं, बुचांसकट. "हुकूमशहा करताना मनात काय भावना होती?" जगनने छाती पुढे काढली. "समोरचा कोनी का असंना, कलाकारानं त्याला न्याय द्यायचा." कैद्यांचं तिने विचारलं नाही. त्याच्याही मनात आलं नाही.

ही मुलाखत पेण-रोह्याच्या वाटेवरच्या कासूला सरूबाईने पाहिली.

सरूबाई मिठागरातली. नवरा गेल्यावर मीठ ओढून एक पोरगा वाढवला, मितेश. तोही आधी मिठागरात पाट्या वाहायचा, मग खाडीतल्या बार्जवर लागला, मग एका एजंटाने त्याला मोठ्या जहाजावर चढवलं. टोपीवाल्याच्या लोकांनी ते जहाज समुद्रात अडवलं आणि खलाशी आत टाकले, त्याला वर्ष होत आलं. का टाकले ते कोणी सांगत नाही. एजंट फोन उचलत नाही. सरकारी कचेरीतून उत्तर येतं, प्रयत्न चालू आहेत. आणि टीव्हीवर घोडा धावतो.

तिने चॅनेलवर ऐकलं, की अष्टमीला टोपीवाल्याचा देखावा आहे आणि त्यात कैदीही आहेत. ती संध्याकाळच्या गाडीने निघाली.

जगन तेव्हा तिथेच होता. नवा शर्ट घातलेला, कारण मंडळ त्याला शाल देणार होतं. त्याने पाहिलं, एक म्हातारी टोपीवाल्याकडे न बघता कडेने कैद्यांकडे चालली आहे. हा प्रकार त्या मांडवात नवाच होता. रांगेतल्या चौथ्यापाशी ती थांबली. त्याच्या डोक्यावरचं लाल हेल्मेट तिने दोन्ही हातांनी उचललं, नीट खाली ठेवलं. खांद्यावरची डब्याची पिशवी काढली. मग बुरख्याला हात घातला.

"ओ मावशी! हात लावायचा नाय हां!" निकेश वरून ओरडला.

तिने बुरखा वर केला. खाली पालथं मडकं.

तिने तिसऱ्याचा काढला. पाचव्याचा काढला. मडकं. मडकं. रांगेतली पोरं हसायला लागली. एक म्हणाला, "आजी, आत काय दही लावलंय का बघता?"

"ही तर बुजगावनी हायत," सरूबाई म्हणाली. हळूच म्हणाली, पण हसणं थांबलं. "भातातली. पाखरं हाकलाया लावतात ती." मग आजूबाजूच्या तोंडांवरून नजर फिरवत तिने विचारलं, "कोनी केल्यात रं ही?"

निकेशने जगनकडे पाहिलं. पोरांनीही पाहिलं. नाक्यावर छाती काढून चालणारा, माणूस करायला छाती लागते म्हणणारा हा गडी. त्याने नव्या शर्टाचं वरचं बटण उगाच चाचपलं आणि म्हणाला, "पेनवरनं आलीत. कारखान्यातनं."

सरूबाई त्याच्याकडे बघत राहिली.

"मंग त्याला निरोप दे," ती म्हणाली. "यो चौथा माजा पोर हाय. टीवीवर रांग दाकवतात ना, त्यान चौथा. उजवा खांदा उतरलेला हाय त्याचा, मिठाच्या पाट्या व्हावून. आनि चालताना पाय जरा फाकतो. त्याला मडकं नाय, डोकं हाय."

तिन्ही बुरखे तिने परत नीट खाली ओढले. हेल्मेट मात्र जमिनीवरच ठेवून गेली. शाल-नारळ घेताना जगनला लोकांच्या तोंडाकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोबाइल घेऊन बसला. तीच क्लिप, टोपीवाल्याच्या बिल्ल्यांसाठी शंभरदा पाहिलेली. आता ती रांग आली की थांबवायची. चौथ्याचा उजवा खांदा उतरलेला होता. स्पष्ट दिसत होता. दुसऱ्याच्या एकाच पायात चप्पल. शेवटच्याला मागचा शिपाई ढकलत होता, आणि पुढचा कैदी मागे न बघताही सावकाश चालत होता, त्याला गाठू देण्यासाठी. जगनला डोळे मिटून सांगता आलं असतं टोपीवाल्याचा कुठला बिल्ला कुठे आहे ते. हे त्याला दिसलं नव्हतं.

"काल कासूची कोन म्हातारी आली हुती म्हनं," नूतन मशीनवरूनच म्हणाली. पेण-रोह्यात बातमी अशीच पोचते. "तुमी सांगितलं नाय तिला, मीच केल्यात म्हनून?"

"गर्दी हुती."

"व्हय का," नूतन म्हणाली, आणि मशीन चालू केलं. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पेणहून रोह्याला जाताना गाडी कासूला रोज थांबायची. जगन तिथे पहिल्यांदा उतरला. घर विचारत गेला. सरूबाई ओट्यावर सुकट निवडत होती. तिने मान वर केली.

"ये. बस. टीवीवर दिसतोस त्यापक्षा बारीक हायस."

जगनचा पाय पायरीवरच राहिला. म्हणजे काल तिला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून तिने त्याला चारचौघांत उघडा पाडला नव्हता. त्याने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, "मावशी, मी काल..."

"ऱ्हाऊ दे. पानी पी."

पाणी प्यायल्यावर त्याने सांगितलं, की पोराचा फोटो द्या, चतुर्दशीच्या आत मुंडकं करून लावतो. तिने जहाजाच्या ओळखपत्रातला फोटो दिला. "पन ह्यात तो भ्यालेला हाय. असा नाय तो." मग सुकट बाजूला सारून म्हणाली, "मागं ते मोठं टीवीवालं आलं हुतं. मना इचारलं, टोपीवाल्याची भीती वाटते का? तो म्हनं वाघाला मांस घालतो, तुमाला काय वाटतं? मी म्हनलं, माज्या पोराचं इचारा. तर म्हनं, आजी, रडा जरा. नाव सुदीक घेतलं नाय त्यानी त्याचं. खलाशी म्हनलं."

"तुमाला काय पायजे, मावशी?"

"मना येवढंच पायजे, कोनीतरी बघावा नि इचारावा, यो कोन? इचारलं की नाव निघतं. पाच-पन्नास लोकांच्या तोंडात नाव गेलं, तर सायबाला फायल उघडाया लागंल. नायतर खलाशी म्हनूनच मरंल तो तिथं."

जगन पुढच्या गाडीने अष्टमीला गेला. निकेश आधी नाहीच म्हणाला. "काका, कैद्याला तोंड दिलं की लोक विचारनार कोन, कुठला. मग कोनीतरी म्हननार, सरकार काय करतं? चाललाय देखावा तो चालू द्या ना." शेवटी वैतागून म्हणाला, "लावा. पन कडेला. टोपीवाल्याच्या फोटोत यायला नको."

दिवस हातात थोडे. मातीत चेहरा घडवायचा, त्याचा साचा काढायचा, ओतायचा, सुकवायचा, एवढी सवड नव्हती. मग जगनने तेच केलं जे पेणमधला कुठलाही कारागीर घाईत करतो. हाताशी ताजा साचा होता, त्यात प्लॅस्टर ओतलं. बाहेर आलेल्या मुंडक्याचं नाक घासलं, गाल भरले, भुवया बदलल्या, केस चिकटवले, रंग सावळा केला. फोटोशेजारी धरून पाहिलं. बरं जमलं होतं.

तो ताजा साचा टोपीवाल्याचा होता.

चतुर्दशीच्या आदल्या दिवशी सरूबाई आली. जगनने स्वतःच्या हाताने चौथ्याचा बुरखा काढला. या वेळी तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मी केलाय, मावशी."

ती जवळ गेली. कपाळ पाहिलं, नाक पाहिलं. हनुवटीवरून बोट फिरवलं आणि बोट तिथेच थांबलं. तिने मान वळवून वर पाहिलं. गच्चीवर टोपीवाला मोटरवर हात हलवत होता. पुन्हा खाली पाहिलं.

"ही हनुवटी त्याची हाय," ती म्हणाली.

जगनने हातातला बुरखा खाली ठेवला.

"आनि हसतोय बी तसाच." जगनने खरंच ओठांना हात लावला नव्हता. तीनदा खरवडून साधलेलं ते हसू, ते त्याला मोडवलं नव्हतं.

सरूबाईने छत्रीच्या कापडाचा तो बुरखा उचलला आणि त्या तोंडावर पार मानेपर्यंत ओढला. "झाक," म्हणाली. "याच्यापक्षा मडकं बरं हुतं." आणि फोटो परत मागून घेऊन ती पुलाच्या बाजूला चालायला लागली. जगन तिच्यामागे गेला नाही.

विसर्जन झालं, टेंपोने माणसं पेणला परत आली. जगनने पहिलं काम केलं ते चौथ्याचं मुंडकं हातोड्याने फोडलं. मग कासूला गेला. ओट्याखालीच उभा राहून म्हणाला, "फोटो नको. तुमीच या. तुमी सांगा, मी करतो. वेळ लागू दे."

ती लगेच आली नाही. सर्वपित्री होऊन गेली, घट बसले, तेव्हा एके दिवशी कारखान्याच्या दारात उभी. मुंडक्यांच्या फळ्या पाहून दचकली नाही. नूतनच्या मशीनशेजारी बसली. नूतन म्हणाली, "मावशी, च्या घेनार?" ती म्हणाली, "घेन गो, पन आधी याला माती मलू दे."

ती येत राहिली. "नाय. कान असं नाय... उनात हात वर धरून बघतो ना माजा, तशी भुवई... नाय. आता पोलिसावानी दिसतो." जगनसारखा तोंडाळ माणूस, भर नाक्यावर मूर्तिकारांना ऐकवणारा, मुकाट माती काढायचा नि परत लावायचा. धडही त्याने नवं बांधलं. जुन्या मावळ्याचे खांदे सरळ होते. एक दिवस तिचं 'नाय' आलंच नाही. नूतनचं मशीन थांबलं.

"यो," सरूबाई म्हणाली. पदराने तिने त्याच्या ओल्या कपाळाला लागलेला मातीचा कण टिपला. मग जगनला विचारलं, "आता याला कोन बघनार? गनपती तर गेलं."

मितेश अजून सुटलेला नाही. त्याची मूर्ती रंगवून, कपडे घालून जगनने कारखान्याच्या दाराशी, रस्त्यावरून दिसेल अशी उभी केली आहे. टोपीवाला आत, माळ्याखाली. माघी गणपतीसाठी दोन मंडळांनी तो मागितला. जगन म्हणाला, देतो, पण हा दारातला पुढे उभा करायचा, नावासकट. मंडळं परत आली नाहीत. आळीतल्याच दुसऱ्या एका कारखान्याने त्यांना टोपीवाला करून दिला, त्याच क्लिपा बघून.

परवा नागोठण्याचा एक माणूस आला. घरच्या गणपतीपुढे ठेवायला दोन माणसं हवी होती. दारातच थबकला. "आयला, दचकलो ना! यो कोन?"

जगनच्या हातातला ब्रश थांबला. आपणहून विचारणारा हा पहिलाच. त्याने सगळं सांगितलं. कासूचा, मिठागरातला, जहाजावर गेला, ही अशी रांग, त्यात हा चौथा. मडक्यांचं सांगितलं. अष्टमीला आपण काय बोललो तेही सांगितलं, खाली बघत. माणूस भला होता, "अरेरे, अरेरे" करत ऐकत होता. संपल्यावर त्याने खिशातून मोबाइल काढला.

"बरं, तो टोपीवाला हितंच हाय का वो? हात हलवतो तो? एक फोटो काढला असता, पोरांना दाखवायला."

नूतनने मशीन थांबवलं. "हाय की, आतच हाय. दाखवते तुमाला. पन दादा, आधी सांगा बघू, ह्यो कोन म्हनून सांगितलं ह्यांनी आत्ता? नाव काय ह्याचं?"

माणूस दारातल्या तोंडाकडे बघत राहिला. "ते... म... महेश ना?"

नूतनने जगनकडे पाहिलं. जगनला त्या माणसाचा राग यायला हवा होता, एरवी कॉलरच धरली असती. पण समोर मोबाइल हातात धरून उभा होता तो दुसरा कोणी नव्हता. श्रावणात, जेवताना, घोडा बघत बसलेला जगनच होता.

त्याने ब्रश खाली ठेवला.

"मितेश," तो म्हणाला. "मितेश. कासूचा. बसा, परत सांगतो."